ताप नाही, पण दम लागतो : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसते. घरातील वयस्कर माणसाला साधी सर्दी झाली, दोन-तीन दिवस काढा आणि वाफ यांवर गेले, आणि मग एकाएकी त्याला रुग्णालयात न्यावे लागले. पत्र लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ‘ताप फारसा नव्हता’ असे आवर्जून नमूद केले आहे. श्वसनमार्गाच्या विषाणूंमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रौढांविषयीचे प्रश्न म्हणूनच या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रे मूळ आशय कायम ठेवून संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७४ असून त्यांना मधुमेह आहे. नातवाला सर्दी झाली होती, ती त्यांनाही लागली. ताप शंभराच्या वर गेलाच नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी जेवताना त्यांना धाप लागू लागली, रात्री ते असंबद्ध बोलू लागले आणि त्यांना दाखल करावे लागले. तपासणीत आर.एस.व्ही. हा विषाणू सापडला. हा लहान मुलांचा आजार असल्याचे सगळे सांगतात. मग मोठ्या माणसाला तो इतका गंभीर कसा झाला? (लालबाग)

उत्तर : आपल्याला जे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. हा विषाणू १९५६ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये प्रथम सापडला आणि लवकरच तो तान्ह्या मुलांच्या छातीच्या आजारातही आढळला, त्यामुळे त्याची ओळख मुलांचा विषाणू अशीच राहिली. प्रत्यक्षात त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती टिकाऊ नसते आणि माणसाला तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा होत राहतो. तिशी-चाळिशीतील धडधाकट माणसाला त्यामुळे सहसा नाक गळण्यापलीकडे काही होत नाही, आणि म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नाही. तोच विषाणू नातवाकडून आजोबांकडे गेला की गोष्ट बदलते. वयानुसार खोकल्याचा जोर कमी झालेला असतो, श्वासनलिकेतील कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसांची हालचाल मंदावलेली असते, मधुमेहाने प्रतिकारशक्ती दुबळी केलेली असते आणि हृदयाकडे फारशी राखीव ताकद उरलेली नसते. बारीक श्वासनलिकांना सूज येऊन त्या कफाने भरल्या की रक्तातील ऑक्सिजन कमी होऊ लागतो.

ताप न येण्याबद्दल विशेष सांगितले पाहिजे. ताप विषाणू निर्माण करत नाही, शरीराची प्रतिकारयंत्रणा तो निर्माण करते. सत्तरीनंतर ती यंत्रणा मंद झालेली असल्याने गंभीर न्यूमोनियातही कधी कधी अंग जेमतेम कोमट लागते. अशा वेळी पहिले लक्षण अनेकदा छातीबाहेरचे असते. माणूस जेवण टाकतो, दिवसभर झोपून राहतो, चालताना तोल जाऊन पडतो, किंवा आपल्या वडिलांप्रमाणे रात्री भलतेच बोलू लागतो. ‘वय झाले, भ्रम होतोय’ असे म्हणून घरोघरी हे लक्षण बाजूला सारले जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण एका रात्रीत उपजलेला भ्रम हा म्हातारपणाचा भाग नसतो. तो आजार असतो आणि त्याच दिवशी तपासावा लागतो.

केवळ याच विषाणूने असे होते असेही नाही. इन्फ्लुएंझा, करोना, पॅराइन्फ्लुएंझा, अडीनो, इतकेच काय तर सर्दीचा म्हणून ओळखला जाणारा ऱ्हायनो विषाणूसुद्धा दुबळ्या फुप्फुसाला रुग्णालयात पोहोचवू शकतो. २०२५ च्या जानेवारीत ज्या मेटान्यूमो विषाणूविषयी नवीन संकट म्हणून घबराट पसरली होती, तो २००१ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी शोधून काढला होता आणि त्याआधीही अनेक दशके तो माणसांत वावरत होता. आर.एस.व्ही. आणि मेटान्यूमो यांच्यासाठी प्रौढांना नेहमी देता येईल असे खास औषध नाही. ऑक्सिजन, कफ मोकळा करण्याचे उपाय, साखरेवर आणि हृदयावर लक्ष, हाच उपचार असतो आणि तो वेळेवर मिळाला तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

प्रश्न : प्रत्येक सर्दी-खोकल्याला रुग्णालयात धावणे शक्य नाही. नेमके केव्हा न्यायचे, हे घरच्या माणसाने कसे ओळखावे? आमच्याकडे ऑक्सिमीटर आहे, त्यावर विसंबून राहावे का? (मुलुंड)

उत्तर : थर्मामीटरपेक्षा श्वासाकडे पाहावे, हे या सबंध विषयातील माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. श्वास मोजणे अवघड नाही, पण ते पद्धतशीर केले पाहिजे. रुग्णाला तसे सांगू नये, कारण सांगितले की माणूस नकळत श्वासाची लय बदलतो. त्याला उशीला टेकून बसवावे, नाडी पाहत असल्याप्रमाणे मनगट धरावे आणि आपली नजर त्याच्या सदऱ्याच्या खिशावर किंवा पोटावर ठेवावी. खिसा वर गेला आणि खाली आला की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. १५ सेकंद मोजून चाराने गुणण्याची घाई करू नये, कारण एका श्वासाची चूक चारपट होते. निवांत बसलेल्या प्रौढाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. ते २४ च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि ३० च्या घरात गेले तर घरी थांबू नये.

मोजण्याच्या जोडीला पाहावेही. गळ्याच्या खाली हंसळीच्या वरचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जातो का? नाकपुड्या फुलतात का? बोलताना एका दमात वाक्य पुरे होते की ‘मला... जरा पाणी...’ असे तुटक होते? रात्री आडवे होता येते की उठून बसावेच लागते? ओठ किंवा नखे निळसर दिसतात का? यांपैकी एकही उत्तर वाईट आले तर आकड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा ऑक्सिमीटर उपयोगाचा आहे, मात्र त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. बोटे गार असतील, नखाला रंग किंवा गडद मेंदी असेल, किंवा रुग्ण हात हलवत असेल तर आकडा भरवशाचा नसतो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा थोडा अधिक आकडा दाखवते, हेही आता सिद्ध झाले आहे. त्यामुळे ९५ दिसत असूनही माणूस धापा टाकत असेल तर यंत्रावर विश्वास न ठेवता माणसावर ठेवावा. हात चोळून गरम करावा, बोट लावून किमान अर्धा मिनिट स्थिर ठेवावे आणि मग आकडा टिपावा. एरवी निरोगी असलेल्या व्यक्तीत तो ९४ किंवा त्याखाली स्थिरावला तर डॉक्टरांना गाठावे. करोनाच्या काळात आपल्याकडे प्रचारात आलेली सहा मिनिटे घरातल्या घरात चालण्याची चाचणी आजही कामाची आहे. चालल्यानंतर आकडा ३ किंवा त्याहून अधिकने घसरला, तर बसल्या जागी दिसणारा चांगला आकडा फसवा असतो. बसल्या बसल्याच दम लागत असेल तर मात्र ही चाचणी मुळीच करू नये. ज्यांना धूम्रपानामुळे किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने झालेला जुना दमा आहे, त्यांचा नेहमीचा आकडाच ८८ ते ९२ च्या दरम्यान असू शकतो, म्हणून त्यांनी तो बरे असतानाच लिहून ठेवावा.

६५ वर्षांवरील व्यक्ती, गरोदर स्त्रिया, मधुमेह, हृदयविकार, जुना दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, डायलिसिसवरचे, केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले आणि स्थूल माणसे यांनी तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता पहिल्या-दुसऱ्या दिवशीच आपल्या फॅमिली डॉक्टरांना भेटावे. मुंबईत या यादीला एक भर घालणे भाग आहे. पूर्वी क्षयरोग होऊन गेलेला असल्यास तो बरा झाला तरी फुप्फुसावर व्रण राहतात आणि अशी फुप्फुसे विषाणूचा मार सहजी सोसत नाहीत. रात्री-अपरात्री प्रकृती बिघडली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. धाप लागलेल्या माणसाला चाळीचे जिने चालत उतरवू नये, खुर्चीत बसवून खाली आणावे.

प्रश्न : आईला न्यूमोनिया म्हणून दाखल केले. रिपोर्ट येण्याआधीच फ्लूचे औषध सुरू झाले आणि सोबत दोन अँटिबायोटिक. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही असे आपणच या सदरात लिहिले होते. मग हे उपचार कशासाठी? आम्हाला विनाकारण खर्चात टाकले जात आहे का? (गोरेगाव)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तरीही या दोन्ही निर्णयांमागे भक्कम कारण असू शकते.

प्रथम फ्लूचे औषध. ओसेल्टामिव्हिर हे औषध विषाणूला मारत नाही. एका पेशीत तयार झालेले नवे विषाणू सुटून पुढच्या पेशीत शिरतात, ते सुटणे हे औषध रोखते. साहजिकच जितक्या लवकर ते सुरू होईल तितक्या पेशी वाचतात, आणि पहिल्या ४८ तासांत त्याचा लाभ सर्वाधिक असतो. स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबले तर तेच मोलाचे तास जातात. म्हणून दाखल होण्याइतक्या आजारी रुग्णात, फ्लूचा हंगाम असताना, औषध आधी आणि रिपोर्ट नंतर हा क्रम योग्य आहे. ४८ तास उलटून गेले असले तरीही दाखल रुग्णाला ते द्यावे असाच संकेत आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून तसे असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. याउलट घरी बसून बऱ्या होणाऱ्या धडधाकट माणसाला त्याची गरज नसते. आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे अ, ब, क असे जे तीन गट केले आहेत, त्यांत सौम्य लक्षणांच्या ‘अ’ गटाला ना चाचणी सांगितली आहे ना हे औषध. धाप, छातीत दुखणे, रक्तदाब घसरणे, गुंगी अशी लक्षणे असलेला ‘क’ गट मात्र तात्काळ दाखल करून तपासायचा असतो.

आता अँटिबायोटिक. विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर सोलून काढले की एरवी नाका-घशात निरुपद्रवी राहणारे जिवाणू, विशेषतः न्यूमोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस, फुप्फुसात उतरतात. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात जी इन्फ्लुएंझाची साथ दिसली आणि पुढे देशभर लाखोंचे बळी घेऊन गेली, त्या जागतिक साथीतील मृतांच्या जतन केलेल्या फुप्फुसांची पुढे तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांमध्ये अशा दुय्यम जिवाणू-न्यूमोनियाच्या खुणा आढळल्या. दोन-तीन दिवस बरे वाटून पुन्हा थंडी वाजून ताप चढणे आणि बेडका पिवळा-हिरवा किंवा तांबूस होणे, ही त्याची नेहमीची चाहूल. दाखल होण्याच्या क्षणी केवळ एक्स-रे पाहून हा विषाणू की जिवाणू हे खात्रीने सांगता येत नाही, आणि गंभीर रुग्णात थांबण्याचा धोका पत्करता येत नाही.

चूक होते ती पुढच्या टप्प्यावर. रक्ताचे आणि बेडक्याचे नमुने अँटिबायोटिकच्या आधी घेतलेले असावेत, ४८ ते ७२ तासांनी त्यांचे निकाल पाहावेत, आणि विषाणू सापडला असून जिवाणूचा पुरावा नसेल तर अँटिबायोटिक बंद करावे. आपण डॉक्टरांना ‘हे का दिले’ असे विचारण्याऐवजी ‘हे केव्हा थांबवणार, आणि कशाच्या आधारावर’ असे विचारावे. सुरू झालेले औषध थांबवायला कोणी विसरले, हे आपल्याकडे फार घडते.

प्रश्न : स्वॅब निगेटिव्ह आला, तरी डॉक्टर ‘व्हायरल न्यूमोनिया’च म्हणत आहेत. (भायखळा)

उत्तर : ते शक्य आहे. नमुना नाकातून घेतला जातो आणि आजार खाली फुप्फुसात असतो. आजाराच्या सातव्या-आठव्या दिवशी नाकातील विषाणू ओसरलेला असूनही खाली तो टिकून असू शकतो. शिवाय काडी पुरेशी आत गेली नसेल तर नमुनाच अपुरा ठरतो. झटपट होणाऱ्या अँटिजेन चाचणीवर तर निगेटिव्ह आले म्हणून फ्लू नाही असे कधीच म्हणू नये, त्यासाठी पीसीआर चाचणीच हवी. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या श्वासनलिकेतून खालचा स्राव काढून पुन्हा तपासता येतो. एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणारी महागडी चाचणी प्रत्येकाला आवश्यक नाही. तिच्या निकालाने औषध, विलगीकरण किंवा घरी सोडण्याचा निर्णय बदलणार असेल तरच ती करावी.

प्रश्न : जुलैत पतीला ताप आणि धाप लागली. आम्ही दोन दिवस फ्लू समजत राहिलो, पुढे तो लेप्टो निघाला. हे आधी कसे ओळखता आले असते? (कुर्ला)

उत्तर : आपल्या पतीची प्रकृती सुधारली असेल अशी मनापासून आशा करतो. पावसाळ्यातील मुंबई हे या बाबतीत डॉक्टरांसाठीही अवघड ठिकाण आहे. इन्फ्लुएंझाचा जोर आपल्याकडे वर्षातून दोनदा वाढतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चच्या सुमारास, आणि यांतील पहिला काळ नेमका डेंग्यू, मलेरिया व लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो, म्हणजे तुंबलेल्या दूषित पाण्यातून होणारा जिवाणूजन्य आजार) यांचाही काळ असतो. या चारही आजारांत ताप, अंगदुखी आणि पुढे धाप लागू शकते. लेप्टोमध्ये फुप्फुसात रक्तस्राव होतो, डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून छातीत साठते, तर फॅल्सिपॅरम मलेरियात फुप्फुसांना सूज येते.

फ्लू सहसा खोकला, घसादुखी आणि नाक यांपासून सुरू होतो. पोटऱ्या हात लावू देऊ नयेत इतक्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे, डोळ्यांत पिवळेपणा येणे, आणि त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत तुंबलेल्या पाण्यातून चाललेले असणे, हे लेप्टोकडे बोट दाखवते. सायन, कुर्ला, हिंदमाता येथे पाणी भरलेल्या दिवशी घरी चालत आलेल्या माणसाने ही गोष्ट डॉक्टरांना न विचारता सांगावी, कारण गर्दीच्या ओपीडीत ती विचारायची राहून जाते. असे पाणी तुडवल्यानंतर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घेता येते. निदान होईपर्यंत तापावर पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नये, कारण डेंग्यू असल्यास तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक रेंगाळला तर ‘व्हायरल उतरायला वेळ लागतो’ असे म्हणत न राहता बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : भाऊ फ्लूच्या न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर आहे. करोनात स्टेरॉइडने पुष्कळांचे प्राण वाचले, मग आता डॉक्टर ते का देत नाहीत? त्याला दिवसभर पालथे झोपवतात, तेही आम्हाला पाहवत नाही. (विलेपार्ले)

उत्तर : जून २०२० मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने करोनाच्या व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र त्याचा काही फायदा झाला नाही. हा निष्कर्ष करोनापुरता आहे. फ्लूमध्ये स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांच्या नोंदी पाहता विषाणू अधिक काळ टिकणे, जिवाणूंचा दुसरा संसर्ग होणे आणि मृत्यू वाढणे यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. म्हणून दमा उसळणे यांसारखे वेगळे कारण असल्याशिवाय फ्लूत ते टाळले जाते. २०२१ मध्ये मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने आपल्या राज्यात म्युकरमायकोसिसने किती जणांचे डोळे आणि जबडे गेले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. डॉक्टर हात आखडता घेत नसून विचार करून थांबले आहेत.

पालथे झोपवणे दिसायला कठोर वाटते, पण तो सिद्ध झालेला उपचार आहे. पाठीवर निजलेल्या रुग्णात फुप्फुसाचा पाठीकडचा मोठा भाग हृदय आणि पोट यांच्या भाराखाली मिटून जातो. पालथे केल्यावर तो उघडतो आणि ऑक्सिजन वाढतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स व स्पेनमधील चाचणीत, फुप्फुसे तीव्र निकामी झालेल्या रुग्णांना दिवसातील किमान १६ तास पालथे ठेवल्यावर २८ दिवसांतील मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. नळ्या निसटू नयेत, चेहऱ्यावर आणि गुडघ्यांवर व्रण पडू नयेत म्हणून प्रत्येक वेळी चार-पाच जणांना मिळून त्याला उलटवावे लागते. ते काम करणाऱ्या परिचारिका आणि वॉर्डबॉय यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. भाऊ गुंगीत असला तरी भेटीच्या वेळी त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोलावे, आज कोणता वार आहे, घरी कोण कोण आले होते हे सांगावे. अतिदक्षता विभागातील भ्रम कमी करण्यासाठी ओळखीच्या आवाजाची मदत होते.

प्रश्न : सासरे रुग्णालयात आहेत. गावाहून नातेवाईक भेटायला येतात, त्यांना नाही कसे म्हणायचे? घरी आणल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत वेगळे कसे ठेवायचे? (चेंबूर)

उत्तर : सर्दी-खोकला असलेल्या आणि गेल्या आठवड्यात तो होऊन गेलेल्या कोणालाही वॉर्डात जाऊ देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस विषाणू पसरवत असतो आणि शेजारच्या खाटेवर कदाचित केमोथेरपीचा रुग्ण असतो. नातेवाइकांना डॉक्टरांनी मनाई केली असल्याचे खुशाल सांगावे, हे पत्र दाखवले तरी चालेल. सोबतीला एकच धडधाकट माणूस ठेवावा आणि त्याने नीट बसणारा मास्क लावावा. आर.एस.व्ही. खाटेच्या कठड्यासारख्या टणक पृष्ठभागावर काही तास जिवंत राहतो, म्हणून कठडा, मोबाइल आणि पाण्याची बाटली पुसून घ्यावी. सॅनिटायझर फ्लू, करोना आणि आर.एस.व्ही. यांवर चांगला चालतो, परंतु अडीनो आणि ऱ्हायनो विषाणूंवर तो तितका प्रभावी नसल्याने साबण-पाण्याने हात धुणे अधिक चांगले.

एका खोलीच्या घरात वेगळी खोली कोठून आणणार? खिडकीलगतची जागा रुग्णाला द्यावी, खिडकी आणि दार समोरासमोर उघडे ठेवून हवा खेळती ठेवावी, झोपताना रुग्णाच्या डोक्याच्या दिशेला इतरांचे पाय यावेत अशी अंथरुणे घालावीत, आणि रुग्णाने व त्याची काळजी घेणाऱ्याने मास्क लावावा. तान्हे मूल किंवा दुसरे आजी-आजोबा घरात असतील तर आठवडाभर त्यांची सोय शेजारी किंवा नातलगांकडे होते का ते पाहावे.

प्रश्न : वडिलांना गेल्या वर्षी फ्लूची लस दिली, तरी त्यांना सर्दी झालीच. मग दरवर्षी टोचून घेण्यात अर्थ काय? ती घ्यायचीच तर केव्हा? (दहिसर)

उत्तर : लस इन्फ्लुएंझाविरुद्ध असते आणि सर्दी डझनभर वेगळ्या विषाणूंमुळे होते, त्यामुळे लस घेतलेल्या माणसाला सर्दी झाली यावरून ती निकामी ठरत नाही. टोचली जाणारी लस मृत विषाणूची असते, तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. एक-दोन दिवस दंड दुखणे किंवा कणकण वाटणे इतकेच होते. तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगतो. साथीतील विषाणूशी ती जुळली त्या वर्षी ती साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते, आणि वयस्करांत त्याहून कमी. तरीही फ्लू झालाच तर अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता ती घटवते, आणि सत्तरीच्या माणसासाठी खरा प्रश्न तोच असतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीपेक्षा सहा पट आढळले. हृदयरुग्णाने लस घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो ते या कारणाने.

विषाणूचे रूप बदलत असल्याने लसही दरवर्षी बदलते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी कोणते उपप्रकार घ्यावेत, हे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. मुंबईत पावसाळ्यातील लाट गाठायची असेल तर एप्रिल-मे महिन्यांत नव्या लसीची चौकशी करावी, कारण संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. तो काळ हुकला तर पुढच्या लाटेसाठी नंतरही घेता येते. पूर्वीच्या चार उपप्रकारांच्या लसीऐवजी आता तीन उपप्रकारांची लस दिसली तर फसवणूक झाली असे समजू नये. बी-यामागाटा हा उपप्रकार मार्च २०२० पासून जगात आढळलेलाच नाही, म्हणून तो वगळला आहे.

फ्लूच्या जोडीने न्यूमोकॉकसविरुद्धच्या लसीविषयी डॉक्टरांशी बोलावे, कारण वर सांगितलेला दुय्यम न्यूमोनिया प्रामुख्याने त्या जिवाणूमुळे होतो. आर.एस.व्ही.विरुद्ध प्रौढांसाठीच्या पहिल्या लशींना अमेरिकेत मे २०२३ मध्ये ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता मिळाली. वडिलांना जुना दमा किंवा हृदयविकार असेल तर त्याबद्दलही विचारून घ्यावे.

प्रश्न : न्यूमोनियातून बरी होऊन मी तीन आठवड्यांपूर्वी घरी आले. वय ६३. रिपोर्ट चांगले आहेत, पण स्वयंपाकघरात उभे राहवत नाही, गोष्टी विसरते आणि उगाच रडू येते. हे सगळे मनाचे खेळ आहेत असे घरचे म्हणतात. (ग्रँट रोड)

उत्तर : हे मनाचे खेळ नाहीत. अतिदक्षता विभागात झोपून काढलेल्या दिवसांत मांड्यांचे आणि श्वासाचे स्नायू झपाट्याने झिजतात, आणि स्मरणशक्ती, झोप व मनःस्थिती यांवर होणारा परिणाम वैद्यकशास्त्राला परिचित आहे. भरून यायला आठवडे, काहींना महिने लागतात. स्वयंपाक बसून करावा, फोडणीचे काम तूर्त दुसऱ्याकडे द्यावे. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे चालावे आणि दम लागेल त्या टप्प्याच्या अलीकडे थांबावे. डाळी, अंडी, दूध, मासे यांपैकी जे चालते ते प्रत्येक जेवणात असावे. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत, तेथे श्वासाचे व्यायाम शिकून घेता येतात. रडू येणे आणि झोप न लागणे दोन-तीन आठवड्यांनंतरही टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी.

छातीचा एक्स-रे सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा काढावा, विशेषतः आपण किंवा घरातील कोणी धूम्रपान करत असेल तर, कारण न्यूमोनियाच्या सावलीआड कधी कधी दुसरा आजार दडलेला असतो. त्याआधी छातीत दुखले, एका पायावर सूज आली, पुन्हा ताप चढला किंवा धाप वाढली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता, दाखल असतानाचे केसपेपर आणि औषधांची चिठ्ठी सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.